जाऊबाईंचा पहिला कॅमेरा

माझ्या थोरल्या जाऊबाई एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात होत्या. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, एका जाड दरवाजाच्या आत. तिथे त्यांनी किती माणसांच्या छात्या, गुडघे आणि मणके काढले त्याचा आकडा त्यांच्याकडे आहे. पण विचारायची कोणाची हिंमत होत नाही, कारण त्या सांगतील आणि वर्षवार सांगतील.

इतक्या वर्षांनी त्यांची एक सवय कायमची झाली. समोर माणूस उभा राहिला की त्या त्याला सरळ करतात. "खांदे पुढे. हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा. सोडा." माझ्या नवऱ्याला उचकी लागली तरी हेच, माझी लेक परीक्षेला निघाली तरी हेच. एकदा बँकेच्या रांगेत पुढचा माणूस पोक काढून उभा होता, तर त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी त्याला नीट उभं केलं. बिचाऱ्याने श्वाससुद्धा रोखला.

निवृत्त झाल्या तेव्हा हॉस्पिटलने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही त्याला घड्याळ द्यायची पद्धत कोणी काढली, देव जाणे. आम्हाला वाटलं, आता त्या दुपारी झोपतील. त्या दुसऱ्या सोमवारी जवळच्या कॉलेजात गेल्या आणि छायाचित्रणाच्या सहा महिन्यांच्या वर्गाला नाव घालून आल्या. आठवड्यातून तीन दिवस, चार ते सहा. फॉर्मवर वयाची वरची मर्यादा छापलेली नव्हती. "कोणी कधी विचारलंच नव्हतं हो," असं तिथला कारकून म्हणाला म्हणे.

माझे थोरले दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, पेपर वाचत होते. पेपरच्या मागूनच म्हणाले, "एकतीस वर्षं फोटोच काढलेस की. अजून हौस फिटली नाही?"

"ते आतले होते."

"मग?"

"मग काय? एकदा माणसं वरून बघायची आहेत मला."

भाऊजी पेपर बाजूला ठेवून हसले. मीही हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. नंतर स्वयंपाकघरात माझ्याबरोबर भाजी निवडताना म्हणाल्या, "रस्त्यात लोक थांबवतात गं. म्हणतात, मॅडम, ओळखलंत का? मी काय ओळखणार कपाळ? चेहरा कधी बघितलाय मी? शर्ट काढून श्वास रोखून उभा राहिला तर ओळखेन." आणि भाजीची पुढची जुडी सोडायला घेतली.

वर्गात बावीस जण. एकवीस जण एकोणीस-वीस वर्षांचे, आणि एक आमच्या. पहिल्या दिवशी एकाने त्यांना आजी म्हटलं. त्याला त्यांनी नुसतं पाहिलं, पण पाहिलं ते आरपार, तेव्हापासून सगळे मॅडम म्हणू लागले. एक मुलगी मात्र काकू म्हणायची. ती नेहमी उलटी टोपी घालून यायची, म्हणून आमच्या घरात तिचं नाव टोपीवाली पडलं. जाऊबाईंच्या शेजारी बसायची आणि त्यांच्या वहीतून उतरवून घ्यायची.

शिकवणारे सर तरुण, पण कडक. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक छापील कागद वाटला. महिनाअखेरच्या शनिवारी प्रत्येकाकडे स्वतःचा डीएसएलआर हवा, म्हणजे तो जाडजूड कॅमेरा, ज्याचं पुढचं भिंग काढता-घालता येतं. फोन चालणार नाही. शेवटी दहा माणसांचे दहा चेहरे काढून द्यायचे. कॅमेरा नाही तर चेहरे नाहीत, चेहरे नाहीत तर प्रमाणपत्र नाही. आणि खाली एक ओळ, ठळक अक्षरात : विद्यार्थ्याने पहिल्या कॅमेऱ्यावर अमुक रकमेपेक्षा जास्त खर्च करू नये.

ती रक्कम म्हणजे साधारण एका बऱ्या फोनची किंमत. सरांनी ती पोरांची कीव करून लिहिली होती. जाऊबाईंना पेन्शन आहे, त्या तिप्पट किमतीचा घेऊ शकल्या असत्या. पण कागदावर 'विद्यार्थ्याने' असं लिहिलं होतं आणि त्या विद्यार्थी होत्या.

"अहो ताई, थोडं वर गेलं तर कुठे बिघडतं?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गळ्यात साखळी घालून एक्स-रेला उभी राहिले होते.

आता दुसरी पोरं काय करतात? फोनवर चार माणसांचे व्हिडिओ बघतात, दोन मित्रांना विचारतात, आईच्या मागे लागतात आणि घेऊन टाकतात. जाऊबाईंनी हॉस्पिटलात तीनदा एक्स-रे मशिनची खरेदी पाहिली होती. त्यांना वस्तू घ्यायची एकच रीत ठाऊक. त्यांनी गावातल्या तीन दुकानांना पत्रं पाठवली. विषय : छायाचित्रण उपकरण, नग एक, खरेदीबाबत. सीलबंद दरपत्रक सात दिवसांत पोहोचेल अशा बेताने पाठवावे.

आणि घरात खरेदी समिती नेमली. अध्यक्ष त्या. सदस्य भाऊजी आणि मी.

"मला त्यातलं काय कळतं?" मी म्हटलं.

"ज्याला काही कळत नाही असा एक सदस्य लागतोच. आमच्याकडे कायम असायचा."

"आणि मी?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही विरोध करायचा. तोही एक लागतो."

भाऊजींनी ते काम मनापासून केलं.

तिसऱ्या दिवशी दारात गाडी थांबली. टाय लावलेले एक गृहस्थ दोन बॅगा घेऊन उतरले. सगळ्यात मोठ्या दुकानाचे ते व्यवस्थापक. पत्राची भाषा बघून त्यांना वाटलं, एखाद्या मोठ्या संस्थेची मागणी आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत वाळत घातलेले मोजे बाजूला सारून ते बसले आणि त्यांनी चकचकीत माहितीपत्रकं मांडली.

"कोणत्या विभागासाठी हवंय, मॅडम?"

"माझ्यासाठी."

"हो, म्हणजे संस्था कोणती?"

"घर."

"आणि आत्ता एक, पण पुढे साधारण किती नग लागतील?"

"पुढे काय लागणार? एकच. तो नीट वापरला की पुरतो."

टायवाल्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि ते गेले. जाताना भाऊजींना हळूच म्हणाले, "साहेब, फोनमध्ये पण छान येतात हल्ली." भाऊजींनी ते समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडलं.

दुसऱ्या दुकानाचं उत्तर आलं नाही. त्यांना स्मरणपत्र गेलं. तिसऱ्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने आकडा लिहून पाठवला आणि खाली 'येऊन भेटा'. जाऊबाईंनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हे सीलबंद नाही," म्हणाल्या. शिवाय तो आकडा सरांच्या आकड्याच्या दीडपट होता. असे दोन आठवडे गेले. वर्गात एकेकाच्या गळ्यात काळा पट्टा दिसू लागला. सोळा, मग सतरा, मग वीस. फक्त आमच्या बाई आणि टोपीवाली राहिल्या.

टोपीवालीच म्हणाली, "काकू, नवीन आपल्याला झेपणार नाही. जुनं बघा. एक दुकान आहे, चपलांच्या दुकानाच्या वर. फक्त शटर काउंट विचारा."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या कॅमेऱ्याने आजपर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा. गाडीचे किलोमीटर असतात ना, तसं."

जाऊबाईंचा चेहरा उजळला. नोंद ठेवणारं यंत्र! हे आधी का नाही सांगितलं कोणी?

सोमवारी आम्ही दोघी गेलो. जिना इतका अरुंद की वरचा उतरल्याशिवाय खालच्याने चढायचं नाही. वर एक खोली, भिंतीभर काचेची कपाटं आणि कपाळावर भिंग चढवून बसलेले दुकानदार. त्यांनी तीन कॅमेरे काढून गादीवर ठेवले.

"यांची लॉगबुकं?" जाऊबाई म्हणाल्या.

"मावशी, कॅमेरा आहे, अँब्युलन्स नाही."

जाऊबाईंनी पर्समधून छोटा टॉर्च काढला. एक भिंग सोडवून घेतलं, डोळ्यांसमोर धरलं, मागून टॉर्च लावला आणि एक डोळा मिटला. एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून बघायच्या ना, अगदी तसं.

"उजवीकडे खाली. जाळं पसरलंय. बुरशी आहे ही."

दुकानदारांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर घेतलं, बघितलं आणि तपासलेलं भिंग बाजूला ठेवलं. दुसरं. "मध्ये ओरखडा. जुना आहे, पण आहे." तेही बाजूला. तिसरं त्यांनी खूप वेळ फिरवून बघितलं. "नॉर्मल," म्हणाल्या. त्या शब्दाने किती माणसं त्यांच्या दारातून हसत गेली असतील, तसे ते दुकानदार हसले.

तिसऱ्या कॅमेऱ्याने फक्त आठ हजार फोटो काढले होते. कोणा मुलाने हौसेने घेतला आणि हौस संपल्यावर विकला. पण किंमत सरांच्या आकड्याच्या जरा वर.

"थोडंसं तर आहे मावशी, वर या."

"मंजुरी नाही."

"कोणाची लागते?"

"माझी."

दुकानदारांनी डोकं खाजवलं. मग त्याच जातीचा दुसरा कॅमेरा काढला, अकरा हजार फोटोंचा. त्याचा वरचा फ्लॅश उघडत नव्हता, म्हणून स्वस्त. अगदी सरांच्या आकड्यावर बसत होता.

"चालेल," जाऊबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं लोकांवर किरणं सोडली. आता निदान उजेड तरी मारायला नको."

त्याचंही भिंग तपासून झालं. नॉर्मल. मी मनात देवाचे आभार मानले आणि पिशवी उघडली. जाऊबाईंनी ती बंद केली.

"अजून दोन ठिकाणचे दर आल्याशिवाय घेता येत नाही."

"ताई, शनिवारी दाखवायचाय!"

"आज सोमवारच आहे."

"मावशी, मी ठेवून देत नसतो हं," दुकानदार म्हणाले.

"ठेवायला सांगणं नियमात बसत नाही," जाऊबाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

मंगळवार, बुधवार त्या शहरभर फिरल्या. आणखी दोन जुन्यावाल्यांकडून दर लेखी घेतले. बुधवारी संध्याकाळी पट्टीने रेघा मारून तुलनात्मक तक्ता तयार झाला. पहिल्या क्रमांकावर चपलांच्या वरचा, फ्लॅश नसलेला. समितीने सह्या केल्या. भाऊजींनी 'हरकत नोंदवून' असं लिहून सही केली.

गुरुवारी सकाळी मी देवापुढे हात जोडले. मी देवाकडे फारसं मागत नाही, त्याला पुष्कळ कामं आहेत. पण त्या दिवशी म्हटलं, तो कॅमेरा एकदाचा मिळू दे. देवाने ऐकलं. तो कॅमेरा मिळाला, टोपीवालीला. कोणाला ते माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं.

"काल संध्याकाळीच गेला," दुकानदार खाली बघत म्हणाले. "एक टोपी घातलेली मुलगी आली. मी सांगितलं, हा हॉस्पिटलच्या मॅडमनी टॉर्च लावून तपासलेला आहे. म्हणाली, बाईंनी? एक्स-रेवाल्या? मग द्या. उघडूनसुद्धा बघितला नाही."

मला इतका राग आला की तोंडात आलेले शब्द गिळावे लागले. जाऊबाई स्टुलावर बसल्या. हातात घडी घातलेला तक्ता. मी त्यांना इतक्या वर्षांत हॉस्पिटलचा संप बघताना पाहिलंय, सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत पाहिलंय, पण असं काहीच न करता बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. तपासणी झालेलीच वस्तू घ्यावी माणसाने." पण आवाज नेहमीचा नव्हता. आणि मग, माझ्याकडे न बघता, "दहा चेहरे मनात ठरवूनसुद्धा ठेवले होते गं मी."

दुकानदारांना ते ऐकू गेलं असावं. ते म्हणाले, "एक आहे. पण तुमच्या त्या कागदात बसणार नाही."

गल्ल्याच्या खालून त्यांनी जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वीटभर वजन. रबर जागोजागी झिजलेलं, बटणांवरची अक्षरं पुसलेली. एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरचा होता.

"ते कुठे गेले?"

"निवृत्त झाले. मुलाने फोन घेऊन दिला."

"आकडा?"

"कंपनी म्हणते दीड लाखापर्यंत चालतो. याने दोन लाख केव्हाच ओलांडले."

"चालतो?"

"चालतो. फक्त नेम धरायला वेळ लावतो. आधी जरा कुरकुरतो, मग काढतो."

"अगदी घरच्यासारखा," मी म्हटलं. भाऊजी तिथे नव्हते ते बरं.

जाऊबाईंनी टॉर्च लावला. भिंग स्वच्छ होतं. त्यांनी कॅमेरा हातात धरला, खाली ठेवला, परत धरला.

"म्हणजे कंपनीच्या हिशेबाने हा संपलेला आहे."

"कागदावर तसंच म्हणायचं."

"द्या."

"ताई, दरपत्रकं?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"गप गं," त्या म्हणाल्या आणि तक्ता पर्समध्ये तळाशी कोंबला. सरांच्या आकड्याच्या निम्म्यात कॅमेरा आला. दुकानदारांनी वर एक बॅटरी दिली, आणि जिन्यापर्यंत येऊन जरा लाजत विचारलं, "मॅडम, महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन याल का? माल बघायला?"

"लेखी द्या," जाऊबाई म्हणाल्या.

शनिवारी सरांनी बावीस कॅमेरे बघितले. आमचा उचलला तेव्हा पोरं हसली. टोपीवाली हसली नाही, तिची मान खालीच होती. सरांनी तो जरा वेळ हातात तोलला आणि नुसतं 'हजर' असं लिहिलं. जाऊबाईंना तेवढं पुरे होतं. सुटल्यावर टोपीवाली मागे धावत आली.

"काकू, तुम्हालाच हवा होता तो, मला खरंच माहीत नव्हतं. परत घ्या."

"कशाला? माझी खरेदी झाली. भिंगाला हात लावू नकोस, कापडाने पूस."

मग चेहरे सुरू झाले. बाहेरच्या खोलीच्या भिंतीला पांढरी चादर लावली. हॉस्पिटलातली सफाईवाली, बँकेचा पहारेकरी, दूधवाला, खालच्या मजल्यावरचे शिंपी, एक एक करून त्यांनी बोलावले. आणि प्रत्येकाला तेच. "खांदे पुढे. हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा." माणूस फुगून उभा. जाऊबाई बटण दाबत. कॅमेरा आधी कुरकुर करी, भिंग पुढे-मागे फिरे. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून पुढचा शब्द निघे, "सोडा." माणूस बिचारा हुश्श करी. आणि तेव्हा कुठे, खट्!

"परत हलला!" जाऊबाई कपाळाला हात लावत. दुसऱ्यांदा काढला तरी तसंच, तिसऱ्यांदाही तसंच. पहारेकऱ्याला तर पाचदा श्वास रोखायला लावला. तो म्हणाला, "मॅडम, छातीत काही निघालंय का माझ्या?"

नऊ चेहरे झाले, आणि त्यांच्या मते नऊही वाया गेलेले. दहावे म्हणून भाऊजी ठरले होते, ते समितीचे विरोधी सदस्य असल्यामुळे बसायला तयार नव्हते. मुदतीच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी नऊ प्रिंटा पाकिटात घातल्या आणि वर सरांच्या नावे खुलासा जोडला : यंत्र विलंबाने चालत असल्याने एकही व्यक्ती स्थिर आलेली नाही, तरी दखल घ्यावी. मी सोबत गेले होते, म्हणून पुढचं बघायला मिळालं.

सरांनी खुलासा वाचला. मग प्रिंटा टेबलावर ओळीने मांडल्या आणि बघत राहिले. आम्ही दोघी उभ्या. प्रत्येक चेहरा नुकताच श्वास सोडलेला होता. खांदे उतरलेले, ओठ जरा सुटलेले, संपलं एकदाचं असं म्हणणारे डोळे. पहारेकरी इतका मऊ माणूस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मॅडम, हे मुद्दाम श्वास सोडताना काढलेत?"

"मी नाही. यंत्राने."

"यंत्राला सांगा, छान काढलेत." त्यांनी खुलाशाची घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली. "पण नऊ आहेत. उद्या सहापर्यंत दहावा हवा. नऊवर मला सही करता येणार नाही."

टोपीवाली मागून डोकावून बघत होती. तिचे दहाही झाले होते, केस न् केस मोजून घ्यावा इतके स्वच्छ. ती म्हणाली, "काकू, माझी माणसं बघा. सगळी रिपोर्टची वाट बघत बसल्यासारखी."

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाईंनी चादर लावली आणि भाऊजींसमोर खुर्ची ठेवली.

"माझी हरकत नोंदवलेली आहे," भाऊजी म्हणाले.

"नोंदवली. बसा."

"माझ्या चेहऱ्यात काय बघायचंय? चौतीस वर्षं बघतेयस."

"तुमच्या बरगड्या पाठ आहेत मला. डावीकडची सहावी मोडून जुळलेली आहे." त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "चेहरा आज बघते."

भाऊजी बसले. मी दाराशी उभी होते. या वेळी मी देवाला नीट सांगितलं, नाव-नात्यासकट.

"खांदे पुढे. हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा."

भाऊजींनी श्वास रोखला. कॅमेरा कुरकुरला. भिंग पुढे गेलं, मागे आलं, परत पुढे गेलं. भाऊजी लाल व्हायला लागले. जाऊबाई काही केल्या 'सोडा' म्हणेनात. शेवटी भाऊजींचा धीर सुटला. "अगं, हा माझ्याहून म्हातारा दिसतो!" असं म्हणत ते श्वासासकट हसले, आणि खट् झालं.

जाऊबाईंनी कॅमेरा खाली घेतला. मागच्या छोट्या पडद्याकडे त्या बघत राहिल्या, एखादी फिल्म उजेडाला धरून बघावी तितका वेळ. भाऊजींनी कपाळ पुसलं.

"कसा आलाय?"

"हललात," जाऊबाई म्हणाल्या.

"मग काढ परत."

"नको," त्या म्हणाल्या, आणि प्रिंट काढून आणायला चपला घालू लागल्या.